ज्या वाटेने आणलं, त्याच वाटेने काढा: टर्मिनलवरून सॉफ्टवेअर टाकणं आणि काढणं, पहिल्या नोकरीतल्यांसाठी

ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून सकाळी सुटणाऱ्या गाड्यांत दर महिन्याला काही नवे चेहरे दिसतात. पाठीवर कोरी बॅग, गळ्यात नवं ओळखपत्र. कोणी ऐरोलीला उतरतं, कोणी रबाळ्याला, कोणी घणसोलीला उतरून महाप्याची रिक्षा पकडतं. पहिल्या आठवड्यात त्यांच्या हातात लॅपटॉप येतो आणि एक यादी येते: गिट, जावा, पायथन, नोड, पोस्टग्रेस. "एवढं टाकून घे, मग बोलू." कसं टाकायचं ते बहुतेक वेळा कोणी सांगत नाही, आणि काढायचं कसं ते तर कोणीच नाही.

मीही महाप्याच्या एका छोट्या कंपनीत अशीच रुजू झाले. तीन महिन्यांत माझ्या उबुंटूच्या मशीनवर तीन वेगळे पायथन झाले होते. त्यातला "जुना" काढून टाकावा म्हणून मी एका संध्याकाळी टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ही कमांड दिली:

सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन३

पडद्यावर पानभर नावं आली, खाली हो की नाही असं विचारलं गेलं. मी न वाचता वाय दाबलं. मशीन परत सुरू केलं तर डेस्कटॉपच नव्हता, काळ्या पडद्यावर फक्त लॉगिन मागणारी एक ओळ. उबुंटूचा डेस्कटॉप आणि त्याची कितीतरी साधनं त्याच पायथनवर उभी असतात, हे मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या टीममधल्या एका दादांनी नेटवर्कची केबल लावली, उबुंटू-डेस्कटॉप हे पॅकेज परत टाकलं आणि रात्री साडेनऊला मशीन उभं केलं. त्या दिवसाच्या आधी मला कोणी सांगायला हवं होतं, ते सगळं इथे लिहिते आहे.

वाचण्याआधी एक सूचना. खालच्या सगळ्या कमांड मी देवनागरीत, आपण त्या जशा उच्चारतो तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ (पुढची कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालव), ॲप्ट म्हणजे ए-पी-टी, पिप म्हणजे पी-आय-पी, ब्रू म्हणजे बी-आर-ई-डब्ल्यू. आडव्या आणि तिरक्या रेघा, बिंदू आहेत तसेच ठेवा.

१. आपल्या मशीनचा पॅकेज मॅनेजर ओळखा

पॅकेज मॅनेजर दोन कामं करतो. सॉफ्टवेअर कुठून आणायचं हे त्याला माहीत असतं, आणि आणलेली प्रत्येक फाइल कुठे ठेवली याची तो नोंद ठेवतो. नव्या माणसाला पहिलं काम दिसतं. खरी गरज दुसऱ्याची पडते. ब्राउझरमधून झिप उतरवून कुठल्यातरी फोल्डरमध्ये हाताने टाकलेल्या सॉफ्टवेअरची नोंद कुठेच नसते. सहा महिन्यांनी ते काढायचं म्हटलं की कोपरान् कोपरा धुंडाळावा लागतो.

उबुंटू किंवा डेबियन असेल तर ॲप्ट. तो १९९८ पासून आहे आणि मशीनसोबतच येतो. मॅक असेल तर होमब्रू, जो मॅक्स हॉवेल यांनी २००९ मध्ये सुरू केला. तो ॲपलकडून येत नाही, आपल्याला टाकावा लागतो. विंडोजवर विंगेट, मायक्रोसॉफ्टने तो २०२० मध्ये जाहीर केला आणि विंडोज ११ मध्ये तो आधीपासूनच असतो. काही टीम विंडोजवर चॉकलेटी वापरतात, तोही चांगला आहे. पण तुमची टीम जो वापरते तोच धरा. एकच साधन दोन मॅनेजरनी टाकलं की कुठली प्रत चालते आहे हे कळेनासं होतं.

२. हाताशी काय हवं

- ॲडमिनचा पासवर्ड किंवा परवानगी. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी आयटी विभागाकडे तिकीट टाका. परवानगीशिवाय आडवाटेने काही टाकू नका, नोकरी नवी आहे.
- प्रॉक्सीचा, म्हणजे ऑफिसचं नेट ज्यातून जातं त्या मधल्या सर्व्हरचा, पत्ता, असेल तर. ब्राउझर नीट चालतो पण टर्मिनलमधून काहीच उतरत नाही, याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. आयटीवाल्यांना सरळ विचारा.
- डिस्कवर १५-२० जीबी मोकळी जागा.
- लावलेला चार्जर आणि न तुटणारं नेट. गाडीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मोठं अपग्रेड सुरू करू नका. अर्धवट तुटलेलं अपग्रेड निस्तरायला दुप्पट वेळ जातो.
- टीम कोणतं व्हर्जन वापरते त्याची यादी. "जावा टाक" एवढ्याने भागत नाही. जावा ११, १७ की २१, हे विचारून घ्या. विचारल्याने कोणी हसत नाही. चुकीचं व्हर्जन टाकून दोन दिवस वाया गेले तर मात्र सगळ्यांनाच त्रास.
- एक वही, किंवा साधी टेक्स्ट फाइल. तिच्याकडे शेवटी येते.

३. आधी काय आहे ते बघा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. काहीही टाकण्याआधी ते मशीनवर आहे का, आणि असेल तर कुठून आलं, हे बघा. लिनक्सवर आणि मॅकवर:

विच -ए पायथन३

यातल्या -ए मुळे त्या नावाच्या सगळ्या प्रती ओळीने दिसतात. पहिली ओळ जिची, ती प्रत चालते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हेच काम "व्हेअर पायथन" करतं.

रस्ता, म्हणजे फाइल कोणत्या फोल्डरात आहे ते, वाचायला शिका, तो सगळं सांगतो. लिनक्सवर /यूएसआर/बिन मधलं बहुधा ॲप्टने आणलेलं असतं. खात्री करायची तर "डीपीकेजी -एस" यातलं एस मोठ्या लिपीत लिहून पुढे फाइलचा पूर्ण रस्ता द्या, ती फाइल कोणत्या पॅकेजची आहे ते कळतं. नव्या, ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर होमब्रूचं सगळं /ऑप्ट/होमब्रू मध्ये असतं, जुन्या इंटेल मॅकवर /यूएसआर/लोकल मध्ये. रस्त्यात .एनव्हीएम दिसलं तर तो नोड एनव्हीएमने (नोडची व्हर्जनं सांभाळणाऱ्या साधनाने) आणलेला आहे, ॲप्टने नव्हे.

विंडोजवर एक वेगळा चकवा आहे. पायथन टाकलेलंच नसताना "पायथन" टाइप केलं तर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. पायथन आहे पण बिघडलंय असं वाटून माणूस तासभर घालवतो. प्रत्यक्षात तिथे फक्त स्टोअरकडे नेणारी एक पाटी असते, आणि ती सेटिंग्जमध्ये ॲप एक्झिक्युशन अलायसेसच्या यादीतून बंद करता येते.

४. यादी ताजी करा, वाचा, मग टाका

उबुंटूवर क्रम असा:

सुडो ॲप्ट अपडेट
ॲप्ट सर्च, पुढे नाव
ॲप्ट शो, पुढे पॅकेजचं नेमकं नाव
सुडो ॲप्ट इन्स्टॉल, पुढे तेच नाव

अपडेट आणि अपग्रेड यांत गल्लत करू नका. ॲप्ट अपडेट कुठलंही सॉफ्टवेअर बदलत नाही, फक्त बाजारात काय आलंय त्याची यादी ताजी करतं. बदल करतं ते अपग्रेड. होमब्रूमध्येही ब्रू अपडेटने होमब्रू आणि त्याची यादी ताजी होते, तर ब्रू अपग्रेडने टाकलेली साधनं बदलतात. विंगेटमध्ये नुसतं "विंगेट अपग्रेड" म्हटलं तर काय काय नवं आलंय त्याची यादी मिळते, आणि "--ऑल" जोडलं तर सगळं बदलतं. डेडलाइनच्या आदल्या दिवशी यातलं काहीच करू नका.

"ॲप्ट शो" वाचण्याचा कंटाळा करू नका, कारण व्हर्जन तिथे दिसतं. उबुंटू २२.०४ मधलं नोड १२ चं आहे आणि २४.०४ मधलं १८ चं. टीमला २० किंवा २२ हवं असेल तर ॲप्टने टाकून उपयोग नाही, हे टाकण्याआधीच कळतं.

इन्स्टॉलची कमांड दिली की कधीकधी प्रश्न येतो. त्या प्रश्नाच्या वर मजकूर असतो, त्यात "काढली जाणारी पॅकेजं" असा भाग आहे का ते शोधा. असेल तर थांबा आणि प्रत्येक नाव वाचा. मी त्या संध्याकाळी नेमकं हेच केलं नव्हतं. इंटरनेटवरून उचललेल्या कमांडमध्ये बऱ्याचदा -वाय असतं. त्याचा अर्थ "मला विचारू नकोस". नवखे असाल तोवर ते खोडूनच टाका. आणि शंका असेल तर कमांडमध्ये -एस जोडा: ॲप्ट प्रत्यक्षात काहीही न करता काय केलं असतं ते फक्त दाखवतो.

विंगेटवर एका नावाची अनेक सॉफ्टवेअरं सापडतात. आधी "विंगेट सर्च" करा, यादीतल्या आयडीच्या रकान्यातलं नाव जसंच्या तसं उचला आणि "विंगेट इन्स्टॉल --आयडी" नंतर ते देऊन शेवटी -ई लावा. -ई म्हणजे तंतोतंत जुळेल तेच. होमब्रूला सुडो लावू नका. तो स्वतःच नकार देतो आणि ते योग्यच आहे.

काही सॉफ्टवेअर त्यांच्या संकेतस्थळावर एकच लांब ओळ देतात: कर्ल या कमांडने स्क्रिप्ट उतरवायची आणि चालवायला थेट सुडो बॅशला द्यायची. अशी ओळ चिकटवण्याआधी ती स्क्रिप्ट नुसती उतरवून वाचा. सगळी कळली नाही तरी चालेल; ती कुठे लिहिते आणि .बॅशआरसी मध्ये (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये) काय जोडते एवढं बघा. काढताना तेच लागणार आहे.

५. पिप आणि एनपीएम: यांचं घर वेगळं

पायथनचा पिप आणि नोडचा एनपीएम असे यांचे स्वतःचे पॅकेज मॅनेजर आहेत, आणि नव्या मंडळींचा सगळ्यात जास्त गुंता इथे होतो.

डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून "पिप इन्स्टॉल" केलं तर नकार मिळतो: हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं, असं तो सांगतो. म्हणजे इथला पायथन ॲप्टच्या ताब्यात आहे, पिपने त्यात हात घालू नये. इंटरनेटवर लगेच उत्तर सापडतं की "--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस" जोडा. जोडू नका. त्या पर्यायाच्या नावातच सांगितलंय की सिस्टम मोडेल. सुडो पिपही तितकंच वाईट.

सरळ वाट अशी. व्हेन्व्ह म्हणजे एका प्रोजेक्टपुरतं पायथनचं वेगळं घर. आधी पायथन३-व्हेन्व्ह हे पॅकेज ॲप्टने टाका, उबुंटूवर ते वेगळं घ्यावं लागतं. मग प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन:

पायथन३ -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह
सोर्स .व्हेन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट

आता पिप जे आणेल ते त्याच फोल्डरमध्ये राहील. पिपची एक मर्यादा लक्षात ठेवा: "पिप अनइन्स्टॉल" फक्त ते एक पॅकेज काढतं, त्याच्यासोबत आलेली बाकीची पाहुणेमंडळी तशीच राहतात. म्हणून तर व्हेन्व्ह हवं. नको झालं की तो फोल्डरच काढून टाकायचा.

नोडसाठी एनव्हीएम वापरा. त्याने वेगवेगळी व्हर्जनं शेजारी शेजारी राहतात आणि सुडोची गरजच पडत नाही. "सुडो एनपीएम इन्स्टॉल -जी" करण्याची सवय लागली की फाइलींची मालकी रूट वापरकर्त्याकडे जाते आणि पुढे प्रत्येक वेळी परवानगीची चूक येते.

एनपीएम प्रोजेक्टमध्ये बनवतं ती पॅकेज-लॉक.जेसॉन ही फाइल कचरा समजून काढू नका. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अवघ्या ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभर हजारो प्रोजेक्टची बिल्ड थांबली, कारण ते कुणाच्या तरी खाली कुठेतरी वापरलेलं होतं. आपल्या प्रोजेक्टच्या खाली नेमकं काय आणि कोणत्या व्हर्जनचं आहे, हे त्या लॉक फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती गिटमध्ये टाका.

आणि नाव टाइप करताना दोनदा बघा. एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेली बनावट पॅकेजं या दोन्ही ठिकाणी पुन्हा पुन्हा सापडली आहेत. ती तुमच्या मशीनवरचे पासवर्ड आणि किल्ल्या उचलायला बसलेली असतात. टीमच्या फाइलमधून नाव कॉपी करा, आठवणीतून लिहू नका.

६. काढणं

आता ज्यासाठी लिहायला बसले तो भाग. नियम एकच: ज्याने आणलं, त्यानेच काढायचं. फोल्डर दिसला म्हणून उचलून डिलीट करू नका. तसं केलं तर फाइली जातात पण मॅनेजरच्या नोंदीत ते सॉफ्टवेअर अजून आहे असंच राहतं. पुढचं अपग्रेड मग तिथे अडखळतं.

ॲप्टमध्ये काढण्याचे तीन शब्द आहेत. रिमूव्ह सॉफ्टवेअर काढतं पण /ईटीसी मधली त्याची सेटिंग ठेवतं, परत टाकलं तर जुनी मांडणी मिळावी म्हणून. पर्ज ती सेटिंगही काढतं. सेटिंग बिघडली म्हणून काढून परत टाकत असाल तर रिमूव्हने काहीच सुधारणार नाही, पर्जच हवं. तिसरा ऑटोरिमूव्ह: इतर सॉफ्टवेअरच्या गरजेपोटी आलेली आणि आता कुणालाच नको असलेली पॅकेजं तो काढतो. सोसायटीतला एक भाडेकरू गेला म्हणून गच्चीवरची पाण्याची टाकी कोणी उतरवत नाही. सगळेच गेले तर मात्र ती कशाला ठेवायची, तसा त्याचा हिशोब आहे. पण चालवण्याआधी यादी वाचाच.

काढताना घाई का नको, ते पोस्टग्रेस (पूर्ण नाव पोस्टग्रेएसक्यूएल) या डेटाबेसच्या उदाहरणाने सांगते, कारण यात डेटा जाऊ शकतो. उबुंटू २४.०४ वर "सुडो ॲप्ट इन्स्टॉल पोस्टग्रेएसक्यूएल" केलं की खरं सर्व्हरचं पॅकेज येतं पोस्टग्रेएसक्यूएल-१६. नुसत्या पोस्टग्रेएसक्यूएल नावाचं पॅकेज आतून रिकामं असतं, खऱ्याकडे बोट दाखवण्यापुरतं. म्हणून "रिमूव्ह पोस्टग्रेएसक्यूएल" केलं तरी सर्व्हर चालूच राहतो, आणि नवा माणूस गोंधळतो. मग तो थेट पोस्टग्रेएसक्यूएल-१६ रिमूव्ह करतो, तेव्हा सर्व्हर जातो. डेटा अजून /व्हार/लिब/पोस्टग्रेएसक्यूएल मध्ये असतो. पण पोस्टग्रेएसक्यूएल-१६ पर्ज केलं तर डेटाबेसचे फोल्डरही काढू का असं विचारलं जातं, आणि तिथे घाईत हो म्हटलं की सगळं गेलं. कुठलाही डेटाबेस काढण्याआधी "पीजी_डम्पऑल" ने पूर्ण प्रत काढा, ती दुसऱ्या ठिकाणी ठेवा, उघडून बघा. मगच पुढचं.

ॲप्ट तुमच्या होम फोल्डरला हात लावत नाही, पर्जनेही नाही. तिथले बिंदूने सुरू होणारे लपलेले फोल्डर "एलएस -ए" ने बघून स्वतः काढावे लागतात. त्यात .एसएसएच आणि .गिटकॉन्फिग यांना चुकूनही हात लावू नका.

बाहेरची रिपॉझिटरी (पॅकेजं जिथून येतात तो साठा) जोडून काही टाकलं असेल तर सॉफ्टवेअर काढल्यावर तिची नोंदही काढा. ती /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी मध्ये असते. राहिली तर ती रिपॉझिटरी बंद पडल्यानंतर प्रत्येक ॲप्ट अपडेटला चूक येत राहते.

मॅकवर "ब्रू लीव्हज" आधी चालवा: दुसऱ्या कशालाच न लागणारी पॅकेजं एवढीच दिसतात, म्हणजे काढायला मोकळी. दुसरं कोणी वापरत असलेलं पॅकेज काढायला गेलात तर होमब्रू थांबवतो. त्याला डावलण्याचा पर्याय आहे, तो वापरू नका. सेवा चालू असेल तर आधी "ब्रू सर्व्हिसेस स्टॉप", मग "ब्रू अनइन्स्टॉल", मग "ब्रू ऑटोरिमूव्ह", आणि जागा कमी असेल तर "ब्रू क्लीनअप". खिडकीवाली ॲप कास्कने येतात. ती सेटिंगसकट काढायची तर "ब्रू अनइन्स्टॉल --झॅप --कास्क".

विंडोजवर "विंगेट लिस्ट" हाताने टाकलेलं सॉफ्टवेअरही दाखवतं, ही त्याची मोठी सोय. "विंगेट अनइन्स्टॉल" त्या सॉफ्टवेअरचाच अनइन्स्टॉलर चालवतो, त्यामुळे मागे काय उरेल ते त्या सॉफ्टवेअरवर अवलंबून. पाथमध्ये (विंडोज कमांड जिथे शोधतं त्या रस्त्यांच्या यादीत) जुन्या रस्त्याची ओळ उरली आहे का ते नंतर बघून घ्या.

एनव्हीएम पूर्ण काढायचं तर .एनव्हीएम फोल्डर काढा आणि .बॅशआरसी मधल्या त्याच्या ओळीही खोडा. मॅकवर त्या ओळी .झेडएसएचआरसी मध्ये असतात.

आणि उबुंटूवर पायथन३, काहीही झालं तरी, काढायचं नाही.

७. अडलं तर

"कमांड सापडली नाही", पण आत्ताच टाकलं होतं: टर्मिनल बंद करून नवीन उघडा. विंडोजवर तर हेच निम्म्या वेळा उत्तर असतं.

ॲप्ट म्हणतो की लॉक दुसऱ्याकडे आहे: बहुधा उबुंटूचं आपोआप होणारं अपडेट चालू असतं. पाच-दहा मिनिटं थांबा. लॉकची फाइल डिलीट करा असा सल्ला सगळीकडे मिळेल. तसं करू नका. दोन प्रक्रिया एकाच नोंदीत एकदम लिहायला लागल्या तर ती नोंदच खराब होते.

मधेच वीज गेली किंवा नेट तुटलं: "सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए", मग "सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल".

काढलं तरी जुनंच व्हर्जन दिसतं: पायरी ३ वर परत जा. दुसरी प्रत कुठेतरी आहे.

नको ते गेलं: /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग उघडा. कधी, कोणत्या कमांडने, कोणती पॅकेजं आली-गेली ते तारखेसकट असतं. माझ्या वेळी त्या दादांनी सगळ्यात आधी हीच फाइल उघडली होती.

८. वही

प्रत्येक गोष्ट टाकली की एक ओळ लिहा: तारीख, नाव, व्हर्जन, कोणी आणलं, कोणत्या प्रोजेक्टसाठी, आणि .बॅशआरसी मध्ये काही जोडलं का. माझ्या फाइलमधल्या तीन ओळी अशा आहेत:

नोड २० – एनव्हीएम – बिलिंगचा प्रोजेक्ट – .बॅशआरसी मध्ये तीन ओळी.
पोस्टग्रेस १६ – ॲप्ट – रिपोर्टचा प्रोजेक्ट – डम्प बाहेरच्या डिस्कवर.
जावा ११ – ॲप्ट – जुनं ॲप, ते बंद झालं की काढणे.

मॅनेजरकडूनही यादी घेता येते: "ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल", "ब्रू लीव्हज", "विंगेट एक्सपोर्ट -ओ" आणि पुढे फाइलचं नाव. पण का टाकलं, हे त्यांत नसतं. लॅपटॉप बदलून मिळाला त्या दिवशी मी ही फाइल समोर ठेवली, दुपारच्या जेवणाआधी सगळं उभं झालं, आणि जावा ११ नव्या मशीनवर टाकलंच नाही.